घरच्या घरी ऑयस्टर शूटर: चिठ्ठी, सुरी आणि बर्फ

एक कच्चे कालव, त्यावर आंबट-तिखट सॉस, हवी असल्यास थोडी व्होडका, आणि हे सारे छोट्या पेल्यातून एका घोटात घेणे, एवढाच ऑयस्टर शूटरचा पसारा आहे. पाककृती म्हणून ती पाच ओळींत संपते आणि सॉस कोणालाही पहिल्याच प्रयत्नात जमतो. कालव कोठून आणले, घरी येईपर्यंत ते किती थंड राहिले आणि ते कसे उघडले, यावर मात्र पुढचे सगळे अवलंबून असते. त्यामुळे या लेखात सॉसला जागा कमी आणि या तीन गोष्टींना जास्त दिली आहे.

देशावरच्या वाचकाला 'कालवे' म्हटले की पाटबंधारे खात्याचे पाणी आठवते, म्हणून आधी खुलासा करतो. येथे विषय आहे तो खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यातल्या जिवाचा, ज्याला रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कालव म्हणतात. मी मूळचा मालवणचा आणि गेली काही वर्षे अमेरिकेत सिॲटलजवळ राहतो. ओहोटीला खडकावर बसून कोयतीने कालवे फोडणारी आत्या पाहत मी वाढलो, पण आमच्या घरात कालव कच्चे खाल्ल्याचे कधी पाहिले नव्हते. येथे आल्यावर पहिला शूटर घेतला आणि उत्साहाने आत्याला फोनवर सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "शिजवूक विस्तव नाय काय रे थंय?" तिच्या प्रश्नात बरेच तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

हा प्रकार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या एका खाणकामगाराने पेल्यातच कालवे घालून त्यांवर केचप आणि तिखट सॉस ओतला आणि तेथून हे खूळ पसरले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या शहराला कालवांचे वेड होते हे नक्की. उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात असलेल्या विलापा उपसागरातून 1851 पासून जहाजे भरभरून कालवे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ लागली आणि या व्यापारावर 1854 मध्ये ऑयस्टरव्हिल नावाचे गावच वसले. ती कालवे ऑलिंपिया जातीची, जेमतेम दीड-दोन इंच शिंपल्याची होती, त्यामुळे एका पेल्यात चार-पाच सहज मावत. त्यांचा इतका उपसा झाला की पुढे विसाव्या शतकात जपानहून पॅसिफिक जातीची कालवे आणून लावावी लागली. आज सिॲटलच्या बाजारात जे कालव बहुतेक वेळा मिळते ते हेच.

कोणी घेऊ नये

कृतीकडे वळण्यापूर्वी हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून अधिक समुद्राचे पाणी गाळून त्यातले अन्न खाते. त्या पाण्यात जे काही असेल ते त्याच्या शरीरात साठते. त्यात व्हिब्रिओ गटाचे जिवाणू असू शकतात, सांडपाणी मिसळलेल्या ठिकाणी नोरोव्हायरस हा जुलाब-उलट्यांचा विषाणू असू शकतो. असे कालव दिसायला, वासाला आणि चवीला उत्तम लागते. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसमुळे साधारणतः चोवीस तासांच्या आत पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा आणि उलट्या सुरू होतात आणि धडधाकट माणूस तीन-चार दिवसांत सावरतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्याचा भाऊ मात्र दुर्मीळ असला तरी प्राणघातक आहे. त्याची लागण झालेल्यांपैकी साधारण पाचांतला एक दगावतो.

यकृताचा आजार, मधुमेह, कर्करोगाचे उपचार, शरीरात लोह साठण्याचा विकार किंवा कोणत्याही कारणाने दुबळी झालेली प्रतिकारशक्ती असेल, तर कच्चे कालव खाऊ नये. गर्भवती, लहान मुले आणि वयस्कर यांनाही ते देऊ नये. जठरातले आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचे एक संरक्षण आधीच गेलेले असते. आपल्याकडच्या कोणत्याही मेजवानीत मधुमेह आणि ॲसिडिटीची गोळी असलेला निदान एक जण निघतोच, तेव्हा यजमानाने आढेवेढे न घेता आधी विचारावे. अशा पाहुण्यासाठी याच लेखात शिजवलेल्या शूटरची कृती दिली आहे आणि चवीत ती कमी नाही.

लिंबाचा रस, टबॅस्को हा मिरचीचा तिखट सॉस किंवा व्होडका यांनी जंतू मरतात, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. जिवाणू कालवाच्या मांसाच्या आत असतात. पेल्यात घातलेला आंबट-तिखट रस किंवा अर्धा घोट दारू त्या काही क्षणांत तेथपर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचली तरी तिची ताकद पुरत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये गोठवूनही व्हिब्रिओ पूर्णपणे नष्ट होत नाही. कच्च्या कालवाचा धोका शून्य करता येत नाही, कमी करता येतो. काही कंपन्या अतिउच्च दाबाखाली प्रक्रिया केलेली कालवे विकतात, त्यांत व्हिब्रिओचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झालेले असते. मिळाली तर ती घ्यावीत. त्या दाबाने शिंपलाही आपोआप सुटतो, त्यामुळे उघडण्याचा त्रास वाचतो.

खरेदी

अमेरिकेत जिवंत कालवांच्या प्रत्येक पोत्याला किंवा जाळीच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर ती कोणत्या पाण्यातून काढली, कोणत्या तारखेला काढली आणि काढणाऱ्याचा परवाना क्रमांक कोणता, हे लिहिलेले असते. माल संपल्यावरही विक्रेत्याने ती चिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे, कारण कोणी आजारी पडल्यास नेमक्या खाडीपर्यंत माग काढता यावा. दुकानात सुटी कालवे घेतानाही ही चिठ्ठी दाखवायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. मी काढणीच्या तारखेपासून चार-पाच दिवसांच्या आतली कालवेच शूटरसाठी घेतो. त्याहून जुनी जिवंत असली तरी ती रश्श्यात जातात. चिठ्ठी दाखवायला जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडून फार तर कोळंबी घ्यावी.

ऋतूही पाहावा लागतो. इंग्रजी नावात 'आर' हे अक्षर असलेल्या महिन्यांतच, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिलमध्ये, कालवे खावीत, असा तिकडचा जुना संकेत आहे. त्यामागे दोन कारणे आहेत. उन्हाळ्यात पाणी तापले की व्हिब्रिओ झपाट्याने वाढतो, आणि त्याच काळात कालव अंडी-वीर्य धरते, त्यामुळे मांस मऊ, दुधट आणि चवीला बेचव होते. हल्ली गुणसूत्रांचे तीन संच असलेली, प्रजनन न करणारी कालवे शेतीत वाढवतात आणि ती उन्हाळ्यातही घट्ट राहतात. त्यामुळे दुसरी अडचण मिटली, पहिली मिटली नाही. 2021 च्या जून महिन्यात अमेरिकेच्या वायव्य भागात उष्णतेची प्रचंड लाट आली, ओहोटीला उघड्या पडलेल्या शिंपल्यांचा किनाऱ्यावर अक्षरशः खच पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वॉशिंग्टन राज्यात कच्च्या कालवांमुळे आजारी पडणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. तेव्हापासून मी जून ते सप्टेंबर शूटर बंद ठेवतो.

आकाराबाबत मोह टाळावा. शूटरसाठी सात-आठ सेंटीमीटरपर्यंतच्या शिंपल्याचे कालव पुरे. मोठे कालव एका घोटात जात नाही, घशात अडकते, आणि पाहुण्याची फजिती होते. कुमामोटो जातीचे छोटे, खोल वाटीसारख्या शिंपल्याचे कालव मिळाले तर उत्तमच. त्याची चव गोडसर असते आणि प्रथमच खाणाऱ्यालाही ते रुचते. सोललेल्या कालवांची बरणी स्वस्त पडते आणि मोहात पाडते, परंतु तिच्यावर बहुधा शिजवूनच खाण्याची सूचना असते. ती पाळावी.

स्वतः किनाऱ्यावर जाऊन कालवे काढणे हा वॉशिंग्टनमध्ये आवडता उद्योग आहे. परवाना घेऊन माणशी दिवसाला अठरा कालवे काढता येतात, पण ती किनाऱ्यावरच उघडून शिंपले तेथेच टाकून यावे लागतात, कारण कालवाची पिल्ले जुन्या शिंपल्यांनाच चिकटून वाढतात. म्हणजे घरी येते ते सोललेले मांस. तेही बर्फाची पेटी बरोबर नसेल तर तासाभराच्या प्रवासात कोमट होते. म्हणून स्वतः काढलेली कालवे मी शिजवतो आणि शूटरसाठी विकत आणतो. जैवविषामुळे, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून कालवात साठणाऱ्या विषामुळे, एखादा किनारा बंद असल्याचे आरोग्य खात्याने जाहीर केले असेल, तर तेथली कालवे शिजवूनही खाऊ नयेत. ते विष उष्णतेने नाहीसे होत नाही.

घरी आणल्यावर

दुकानात जाताना बर्फाची पेटी न्यावी आणि कालवे सर्वांत शेवटी घ्यावीत. घरी आल्यावर पसरट भांड्यात खोलगट बाजू खाली ठेवून एकाच थरात मांडावीत, म्हणजे शिंपल्यातले पाणी गळून जात नाही. वर ओले फडके टाकून ती फ्रिजमध्ये 5 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावीत. दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे त्यांना बादलीभर नळाच्या पाण्यात बुडवून ठेवणे. गोड्या पाण्यात ती मरतात. दुसरी म्हणजे हवाबंद डबा किंवा गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्यात ती गुदमरतात.

उघडण्याच्या आधी प्रत्येक कालव तपासावे. शिंपला घट्ट मिटलेला असला पाहिजे. किंचित उघडा असेल तर दुसऱ्या शिंपल्याने टकटक करावी. जिवंत कालव सावकाश मिटते, मेलेले तसेच राहते आणि ते टाकून द्यावे. हातात घेतल्यावर वजन लागले पाहिजे. हलके, पोकळ वाजणारे कालव आतून सुकलेले असते. तडा गेलेला शिंपलाही घेऊ नये. बारामध्ये एखाद-दुसरे बाद होतेच, म्हणून बारा हवी असल्यास चौदा आणावीत.

उघडणे

सगळ्यांत जास्त भीती याच कामाची वाटते आणि ती रास्त आहे. दुसऱ्याच हिवाळ्यात मी कालवाची सुरी शोधण्याचा कंटाळा करून भाजी चिरायची टोकदार सुरी घेतली. ती शिंपल्यावरून सटकली ती थेट डाव्या अंगठ्याखालच्या मांसात गेली. चार टाके पडले आणि त्या संध्याकाळी पाहुण्यांनी पिठले-भात खाल्ला. कालवाची सुरी आखूड, जाड आणि जवळजवळ बोथट असते, कारण तिचे काम कापण्याचे कमी आणि उचकटण्याचे जास्त आहे. ती फार महाग नसते. तिच्याबरोबर जाड हातमोजा घ्यावा. तो केवळ सुरीसाठी नाही. शिंपल्याची कडाही पात्यासारखी असते आणि हातावरच्या जखमेतून व्हिब्रिओ थेट शरीरात जाऊ शकतो.

कालवे वाहत्या थंड पाण्याखाली ताठ ब्रशने घासून घ्यावीत, विशेषतः बिजागरीच्या खाचेत चिखल दडलेला असतो. मग टॉवेलची जाड घडी ओट्यावर ठेवून तिच्यात कालव असे धरावे की खोलगट बाजू खाली, सपाट बाजू वर आणि टोकदार, निमुळती बाजू आपल्या सुरीच्या हाताकडे येईल. त्या टोकापाशी दोन्ही शिंपले जोडणारी बिजागरी असते. सुरीचे टोक तिथल्या फटीत ठेवून थोडेसे खाली रोखावे आणि हलक्या दाबाने डावी-उजवीकडे डोलवत राहावे. जोर लावून आत घुसवू नये. जोर लावला की सुरी सटकते. टोक आत रुतले की कळते, कारण सुरी हात सोडला तरी तशीच उभी राहते. आता दार उघडताना किल्ली फिरवतो तसे मनगट फिरवावे. 'टक्' असा छोटा, कोरडा आवाज होतो आणि बिजागरी सुटते. पहिल्या दहा-बारा कालवांत हा आवाज ऐकण्यासाठी झटावे लागते, पुढे हात आपोआप शिकतो.

बिजागरी सुटली की सुरी बाहेर काढून फडक्याने पुसावी, नाहीतर चिखल आत जातो. मग ती वरच्या शिंपल्याला आतून घासत, जणू छत खरवडत, पलीकडे न्यावी. मधोमध उजवीकडे एक जाड स्नायू लागतो, त्यानेच कालव शिंपला मिटून धरते. तो कापला की वरचे झाकण निघून येते. आता शिंपल्यातले पाणी सांडू न देता सुरी मांसाखालून फिरवून खालचा स्नायू कापावा. कालव मोकळे झाल्यावर त्याकडे नीट पाहावे आणि वास घ्यावा. मांस भरलेले, ओलसर आणि चकचकीत असावे, भोवती पारदर्शक पाणी असावे, आणि वास भरतीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा खारट-ताजा असावा. गढूळ पाणी, कोरडे आकसलेले मांस किंवा नाक मागे घ्यायला लावणारा वास असेल तर विचार न करता फेकावे. ते चाखून पाहण्याचे काम कोणीही करू नये.

सगळी कालवे उघडून झाली की ती एका वाटीत घेऊन वाटी बर्फात ठेवावी. सुटलेले पाणी बारीक गाळणीतून वेगळे गाळून घ्यावे. या पाण्यात शिंपल्याचे कण असतात, आणि चवही त्यातच असते. ते ओतून देणारा माणूस पाहिला की मला भाताची पेज मोरीत ओतणारा आठवतो.

सॉस

बारा पेल्यांसाठी 180 मिलिलिटर टोमॅटोचा रस, दोन मोठे चमचे केचप, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक छोटा चमचा वूस्टरशर सॉस, आठ-दहा थेंब टबॅस्को, थोडी ताजी कुटलेली मिरी आणि एक मोठा चमचा किसलेले हॉर्सरॅडिश एवढे एकत्र करून निदान एक तास फ्रिजमध्ये ठेवावे. मीठ घालू नये, कालव स्वतःचे मीठ घेऊन येते.

हॉर्सरॅडिश हा पांढऱ्या मुळासारखा कंद आहे आणि त्याची तिखटाई जिभेला न झोंबता नाकात चढते. हे वाचून कोकणस्थ घरातल्या वाचकाला लाल भोपळ्याच्या दह्यातल्या भरितातली फेसलेली मोहरी आठवली असेल, तर ती आठवण अगदी बरोबर आहे. मोहरी आणि हॉर्सरॅडिश एकाच कुळातली आहेत, आणि दोन्हींत नाकात चढणारे द्रव्य एकच, ॲलिल आयसोथायोसायनेट. ते दाण्यात किंवा कंदात आयते नसते. पेशी फुटून पाणी मिळाले की एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ते तयार होते, म्हणून अख्ख्या मोहरीचा वास घेतला तर नाकाला काहीच कळत नाही आणि पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येते. हा विकर आंबटाने थांबतो आणि उष्णतेने नष्ट होतो. तेव्हा कंद ताजा मिळाला तर तो किसून तीन-चार मिनिटे तसाच ठेवावा आणि मगच त्यात चमचाभर व्हिनेगर घालावे. आधीच व्हिनेगर घातले तर तिखटाई बेताची राहते. कंद मिळालाच नाही तर दोन छोटे चमचे बारीक मोहरी वाटून, दोन मोठे चमचे थंड पाणी घालत पाच मिनिटे फेसावी, दहा मिनिटे झाकून ठेवावी आणि शेवटी लिंबू पिळावे. मला स्वतःला आता शूटरमध्ये मोहरीच जास्त आवडते. पाणी गरम घेतले तर मात्र नुसती कडू पेस्ट हाती येते.

टोमॅटो नको असेल तर दोन पर्याय सुचवतो. जपानी पद्धतीत थंड साके (तांदळाची दारू), पोंझू नावाचा आंबट सोया सॉस आणि बारीक चिरलेली कांद्याची पात असते. त्यात काही जण लाव्याचे कच्चे अंडेही फोडतात, ते मी टाळतो, एका पेल्यात एक जोखीम पुरे. दुसरा पर्याय घरचा. एक छोटा चमचा कोकमाचे आगळ तीन छोटे चमचे बर्फाच्या पाण्यात मिसळून त्यात ठेचलेल्या हिरव्या मिरचीचे पाणी, किसलेल्या आल्याचे दोन थेंब आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. आगळात मीठ असतेच. कोकमाचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, रेंगाळतो, आणि कालवाच्या खारट गोडीला तो जास्त मानवतो असे माझे मत आहे. यात व्होडकाऐवजी काजूची फेणी चालते, पण दोन छोट्या चमच्यांहून जास्त घातली तर तिच्या वासापुढे कालवाचे काही चालत नाही.

पेला भरणे

साठ मिलिलिटरचे काचेचे पेले अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. पाहुणे बसल्यावरच पेले भरावेत, आधी भरून ठेवू नयेत. प्रथम कालव, त्यावर गाळलेले पाणी एक छोटा चमचा, मग दीड मोठा चमचा सॉस, आणि हवी असल्यास फ्रीझरमधली व्होडका एक मोठा चमचा. ढवळू नये. वर कोथिंबिरीचे एखादे पान ठेवावे किंवा ठेवूही नये. बर्फ पसरलेल्या ताटात पेले रोवून ते ताट फिरवावे, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत ते थंड पोहोचतात.

नाव शूटर असले तरी कालव न चावता गिळून टाकणे मला मान्य नाही. पेला उलटा करून कालव जिभेवर घ्यावे, दोनदा चावावे आणि मग सॉससह गिळावे. पहिल्या चाव्याला समुद्राचे मीठ लागते, दुसऱ्याला काकडीसारखी किंवा खोबऱ्यासारखी गोडी. ती चाखायची नसेल तर नुसता टोमॅटोचा रस प्यायला काय हरकत आहे? माणशी तीन पेले पुरे. भरलेला पेला उरला तर तो फेकावा, पुन्हा फ्रिजमध्ये जाऊ नये.

कोकणात असाल तर

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याच्या बाजारात कालवे वाट्यावर, सोललेली, पिशवीत स्वतःच्याच पाण्यात ठेवून विकतात. ती कोणत्या खाडीतून, कधी काढली याची चिठ्ठी कोणी देत नाही, बर्फ असलाच तर नावापुरता असतो, आणि तिथला समुद्र वर्षभर कोमट असतो, जो व्हिब्रिओला मानवतो. रश्शाला उकळी आणून, कोकम टाकून ती खाण्याची आपली पद्धत या परिस्थितीला अगदी योग्य आहे. त्या कालवांचा कच्चा शूटर करू नये, कितीही ताजी दिसली तरी.

त्यांचा शिजवलेला शूटर मात्र जरूर करावा. सोललेली कालवे दोन-तीन वेळा हलक्या हाताने मिठाच्या पाण्यात धुऊन कच काढावी, मग खळखळत्या पाण्यात निदान तीन मिनिटे उकळावीत आणि झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. शिंपल्यातली जिवंत कालवे मिळाली तर वाफेवर चार ते नऊ मिनिटे ठेवावीत आणि जी उघडणार नाहीत ती टाकावीत. आजारी किंवा वयस्कर पाहुण्यासाठी शिजवत असाल तर नऊ मिनिटांकडे झुकावे, कारण घाईच्या वाफेत नोरोव्हायरस तग धरू शकतो. उकळलेले कालव आकसते आणि थोडे चिवट होते, म्हणून ते अर्धा तास आगळाच्या पाण्यात फ्रिजमध्ये मुरवून मग त्याच पाण्यासह पेल्यात घालावे. मागच्या दिवाळीत मालवणला हे केले तेव्हा आत्याने दोन पेले घेतले आणि तिसऱ्याला आगळ वाढवायला सांगितले.

नंतर

कालव खाल्ल्यावर दिवसभरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पाणी आणि क्षार घेत राहावे. ताप, थंडी वाजणे, त्वचेवर लाल-जांभळे फोड किंवा हात कापला असल्यास त्या जागी झपाट्याने पसरणारी सूज दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि कच्चे कालव खाल्ल्याचे किंवा उघडल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. म्हणूनच खरेदीच्या वेळी चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये काढून ठेवणे उपयोगी पडते.

ओटा, सुरी, ब्रश आणि हातमोजा गरम पाण्याने व साबणाने धुवावा, आणि तोपर्यंत त्या ओट्यावर कोशिंबीर चिरू नये. विकत आणलेल्या कालवांचे शिंपले आठवण म्हणून जवळच्या किनाऱ्यावर नेऊन टाकू नयेत, त्यांच्याबरोबर दुसऱ्या खाडीतले रोग आणि कीड तेथे पोहोचते. ते दुहेरी पिशवीत बांधून कचरा नेण्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवावेत. बाहेर ठेवले तर दुसऱ्या दिवशी शेजारी विचारायला येतात.